जुनं घर घेताना रंगामागचं कसं ओळखायचं? (बेळगाव, खानापूर, निपाणी भाग)

शहापूरकर_पुण्यात
नमस्कार मंडळी. माझी नोकरी पुण्यात, आई-बाबा बेळगावच्या शहापुरात भाड्यानं राहतात. त्यांच्यासाठी स्वतःचं घर बघायचं चाललंय आणि दोन घरं मनात भरलीत. एक वडगावच्या पुढं येळ्ळूर रोडच्या अंगाला, पूर्वी भाताची शेतं होती तिथल्या लेआउटमध्ये. आरसीसी, खाली-वर असे दोन मजले, साधारण पंधरा वर्षांचं. दुसरं टिळकवाडीत, जुनं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं), कौलारू, परसात विहीर. दोन्ही नुकतीच रंगवलेली, चकाचक. एजंट म्हणतो, "काय बघायचं नाही साहेब, चावी घ्या आणि दूध उतू घाला." असं कोणी म्हटलं की मला उलट धडकी भरते.

कागदपत्रं वकिलांकडं दिलीत. माझा प्रश्न घराचा आहे. जे डोळ्याला दिसत नाही ते कसं हुडकायचं? मे संपायच्या आत इसार द्या म्हणून तगादा आहे.

धागा_राखणदार
खाता, उतारा, ईसी (बोजा नसल्याचा दाखला), बुडाची (नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी अशा कागदांवर वेगळा धागा आहे, ते तिथं विचारा. इथं वीट, सिमेंट, पाणी, वायर एवढंच.

रिटायर_ओव्हरसियर
आधी मातीचं बोलू, भिंतीचं नंतर.

आपल्या एकाच जिल्ह्यात कणकुंबी-जांबोटीकडं पाऊस हटत नाही आणि अथणीकडं ढगाकडं डोळे लावून बसतात. शहर या दोन्हींच्या मधे. टिळकवाडी तांबड्या जमिनीवर. तुम्ही म्हणता ते वडगाव-येळ्ळूरचं रान काळं, भाताचं, बळ्ळारी नाल्याच्या बाजूचं. ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया वरच्यावर घातला असेल तर घर दरवर्षी थोडं उचलतं, थोडं बसतं, आणि सगळ्या कोपऱ्यांना सारखं नाही. यावर रूरकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय इमारत संशोधन संस्थेनं) फार पूर्वीच तोड काढलीय: अंडररीम्ड पाइल. म्हणजे खाली फुगवटा असलेले खांब, जिथं ओल वर्षभर सारखी राहते त्या थरापर्यंत, तीन-साडेतीन मीटर खाली नेलेले. पण पंधरा वर्षांपूर्वी लेआउटमधल्या घराला एवढा खर्च कोण करत होतं? विचारून बघा, मालकाला बहुधा माहीतही नसेल.

भेगांची ओळख अशी. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरकी वर चढलेली, एका टोकाला रुंद आणि दुसरीकडं निमुळती भेग असेल तर पाया हललाय. बीमखाली सरळ आडवी रेघ, किंवा कॉलम आणि वीटकाम यांच्या जोडावर उभी रेघ, तिला भिऊ नका. दोन वेगळी मटेरियल एकत्र आली की तसं होतं, प्लास्टरच्या वेळी जाळी मारली नसणार. रंगाच्या दोन हातांत ती बुजते आणि पुन्हा येते, बाकी काही करत नाही.

आता मुद्दा. काळ्या मातीतलं घर आत्ताच, एप्रिल-मेमध्ये बघा. जमीन तडकलेली असते, भिंतीही तेव्हाच तोंड उघडतात. दार-खिडक्या सगळ्या उघडून-लावून बघा. जिथं दार रंध्यानं तासून कमी केलेलं दिसेल, ते पावसाळ्यात अडकत होतं म्हणून समजा. टिळकवाडीचं मात्र जुलैत, झड लागलेली असताना बघायचं. मेमध्ये ते कोणालाही छानच दिसेल. म्हणून इसाराची घाई दोन्हींसाठी एकदम करू नका.

आणि त्याच लेआउटमध्ये, त्याच बिल्डरनं त्याच वर्षी बांधलेल्या शेजारच्या घरात चहाला जा. त्यांच्या भिंतींना रंग नवा नसतो.

पेंटर_अण्णा
ओव्हरसियर साहेबांनी शेवटी सांगितलं ते लाखातलं. मी रंगकाम करतो, म्हणून आतलं सांगूलोय.

विकायच्या आधी आम्हालाच बोलावतात की वो. मालक बोट दाखवतो, "एवढं दिसू नये बघ." मग ओलीचा डाग खरवडायचा, त्यावर ऑइल प्रायमर नाहीतर सिल्व्हर मारायचा, पुट्टीचे दोन हात, वर रंग. दिवाळीला असं केलेलं मृगापर्यंत झ्याक राहतं. पाऊस लागला की फुगे. तोवर घर विकलेलं असतं.

बघायचं कसं ते सांगतो. दिवसा खिडक्या बंद करा, मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटवून उजेड भिंतीवरून आडवा सोडा. जिथं पुट्टीचा थिगळ आहे तिथं कडा उठून दिसतात, समोरून बघितलं तर जन्मात दिसायच्या नाहीत. खोलीत एकाच भिंतीला टेक्सचर का, हे विचारा. हौस म्हणून समोरच्या भिंतीला करतात ते वेगळं. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला टेक्सचर, नाहीतर खालून तीन-चार फूट पीव्हीसी पॅनेल, म्हणजे मागं ओल. तसंच सगळ्या घरात पीओपी नाही आणि एकाच बेडरूमला आहे, तर त्या बेडरूमच्या वर काय आहे ते आधी बघा.

आणि आम्ही ब्रश कुठं घालत नाही ते ऐका. लॉफ्टच्या आत. मीटरच्या पेटीमागं. जिन्याखाली सामान असतं तिथं. भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीच्या खाली. त्या जागांचे पैसे कोण देत नाही, म्हणून तिथं जुनी भिंत जशीच्या तशी मिळते.

शहापूरकर_पुण्यात
अण्णा, नमस्कार तुम्हाला. लॉफ्ट दोन्हीकडं बघितला नव्हता.

जांबोटी_रोड
चिऱ्याच्या घरावर मी बोलतो, आमचं तीन पिढ्यांचं आहे.

चिरा मुळात वाईट नाही. खाणीतून काढताना मऊ, वाऱ्याला लागला की घट्ट होतो. पण त्याला भोकं आहेत, पाणी पितो. जुन्या लोकांनी म्हणून आतून-बाहेरून चुन्याचा गिलावा केला, ओल आत गेली तरी ती परत बाहेर पडायची. पुढं नातवंडांनी चुना काढून सिमेंट मारलं, त्यावर प्लास्टिक पेंट. झालं! पाणी जमिनीतून चढतं, बाहेर पडायला वाट नाही, मग ते आणखी वर चढतं. कमरेच्या उंचीवर पांढरी पूड सुटते तो लोणा. हात फिरवला की बोटाला मिठासारखं लागतं. त्यावर कितीही रंग मारा, ढकलून टाकतो. टिळकवाडीच्या घराला सिमेंट प्लास्टर असेल आणि बाहेरची जमीन भर घालून जोत्याच्या वर आली असेल (रस्ते दर वेळी वर चढतात, घरं तिथंच राहतात), तर हा खर्च धरूनच चला.

दुसरं वाळवी. तांबड्या मातीत ती असतेच, नाही म्हणणारा खोटं बोलतो. चौकटीला खालून वीतभर अंतरावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीनं ठोका. भरीव लाकूड टणटणतं, खाल्लेलं भद्द वाजतं. चौकटीच्या मागं, मोरीच्या कोपऱ्यात, माळ्यावर भिंत आणि वासा मिळतात तिथं मातीच्या बारीक नळ्या बघा. नळी दिसली तर थोडी मोडून ठेवा आणि काही दिवसांनी परत जा. पुन्हा बांधलेली असेल तर वाळवी चालू आहे. मोडलेलीच असेल तर गेलेली, किंवा दुसऱ्या वाटेनं गेलेली! इलाज आहे, भिंत आणि जमिनीच्या जोडाला एकेक फुटावर भोकं पाडून औषध भरतात, पण फरशी खराब करायची तयारी हवी.

कौलं बदलता येतात, खरं बघायचं ते वासे आणि रिपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या). विशेषतः वाशाचं भिंतीत गेलेलं टोक. मधे वासा ठणठणीत आणि टोकाला भुसा, असं पुष्कळदा असतं, कारण ओल चिऱ्यातून येते. दोन उतार मिळतात त्या पन्हाळीखाली पत्रा गंजला की सगळ्यात आधी तिथलाच वासा जातो. शिडी न्या. खालून बघून वासे कळत नाहीत.

अनगोळचा_पोरगा
एक लहानसं. वडगावच्या घराच्या गच्चीवर पत्र्याचं शेड आहे का? असेल तर विचारा कधी मारलं. आपल्याकडं पावसामुळं बरेच जण मारतात, कपडे वाळवायला, पापडाला बरंही पडतं. पण कित्येकदा गच्ची गळायला लागली म्हणून कोबा उकरण्याऐवजी शेड मारलेलं असतं. वरचं पाणी थांबतं, खाली स्लॅबमधलं लोखंड जे गंजायचं ते गंजून बसलेलं असतं.

शहापूरकर_पुण्यात
आहे! आणि एजंट ते "एक्स्ट्रा सोय" म्हणून सांगत होता.

उद्यमबाग_वायरमन
लाइटचं कोणी बोललं नाही अजून. जुन्या घरात मी सगळ्यात आधी थ्री-पिनचं वरचं मोठं भोक बघतो. सॉकेट नवं, गोरंपान, आणि आत अर्थिंगची वायरच नाही. घरात शिरलेली हिरवी वायर पुढं कुठंतरी भिंतीत कापून सोडलेली. टेस्टरनं फक्त फेज कळतो, अर्थिंग कळत नाही. टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थला लावला की पूर्ण उजेड पडला पाहिजे. मिणमिणला तर अर्थिंग नावाला आहे. घरात आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा स्विच) असेल तर लॅम्प लावताच तो पडेल, आणि पडायलाच पाहिजे. 30 मिलीअँपियरचा बसवतात तो माणसाचा जीव वाचवायला. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं, ते दाबून न पडणारे मी कितीतरी बघितलेत. हे काम लायसन्सवाल्याकडूनच करून घ्या, स्वतः वायर घेऊन बसू नका.

हेस्कॉमचं (वीज कंपनीचं) बिल मागा. त्यावर आर.आर. नंबर (कनेक्शनचा नंबर) आणि मंजूर लोड असतो. लोड 2 किलोवॅट आणि घरात दोन गिझर, एसी, इंडक्शन असेल तर आतली वायर कशी असेल याचा अंदाज करा. मेन बोर्डाचं झाकण उघडून वायरचं इन्सुलेशन बघा. तपकिरी, कडक झालेलं, वाकवलं की तडकतं ते बदलायचंच.

अक्का_हिंदवाडी
सगळे पुरुष भिंती ठोकत बसलेत. बाळा, मोरी आणि स्वयंपाकघर बघ आधी, आईला तिथंच दिवस काढायचाय.

सिंकखालच्या ट्रॉल्या बाहेर ओढ, कप्प्याच्या मागचा प्लायवूड दाबून बघ. फुगलेला असला की नळ आतून झिरपतोय. बाथरूममध्ये बादलीभर पाणी एकदम ओत. पाणी नहाणीकडं (जाळीच्या भोकाकडं) जातं की दाराकडं, तिथंच कळतं. मग नहाणीला फडकं कोंबून दोन-तीन बोटं पाणी रात्रभर ठेवायला सांग आणि सकाळी खालच्या मजल्याचं छत बघ. मालक आढेवेढे घेईल. घेऊ दे. कमोड असलेल्या वरच्या बाथरूमखाली भर घातलेली असते, तिच्यात पाणी साठून राहतं आणि वर्षानुवर्षं खालच्या भिंतीत उतरतं. वरनं फरशी कितीही चकचकीत असू दे.

आणि पाण्याचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी! लोक मीटर बघायला सांगतात, सगळे नळ बंद करून काटा फिरतो का ते. शहरात काही वॉर्डांत 2008 पासून 24 तास पाणी आहे, तिथं ते चालतं. पाळीनं पाणी येतं तिथं मीटर काय दाखवणार? त्यापेक्षा पाणी येऊन गेल्यावर मोटर बंद ठेवून संपात पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मार, दुसऱ्या दिवशी बघ. विहिरीचं पाणी लॅबमध्ये तपासून घे. जुन्या भागात विहीर आधीची आणि सेप्टिक टँक नंतरचा, मग तो विहिरीपासून किती लांब आहे ते कोणीच मोजलेलं नसतं.

निपाणीकर
आमच्याकडं आणखी एक बघतो: पूर. 2019 च्या ऑगस्टनंतर दूधगंगा-वेदगंगेच्या काठची किती घरं धुऊन, रंगवून विकायला निघाली त्याला गणती नाही. खालचे स्विचबोर्ड काढून सगळे छातीच्या वर नेलेले दिसले, लाकडी चौकटी खालून अर्ध्यापर्यंत नवीन जोडलेल्या दिसल्या, लोखंडी ग्रिलच्या पोकळ पाइपला खालून भोक पाडलं की चिखलाची पूड पडली, तर समजायचं. बळ्ळारी नाल्याच्या अंगाला असाल तर तुम्हीही विचारा. घरमालकाला नको, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा, 2019 ला पाणी कुठवर आलं होतं. तो हात करून दाखवेल.

शहापूरकर_पुण्यात
(जुलै)
मंडळी, बऱ्याच दिवसांनी. मेमध्ये वडगावचं घर परत बघितलं, आता परवाच्या झडीत दोन्हीकडं जाऊन आलो. सोबत आमचे एक ओळखीचे गौंडी होते.

वडगाव: मागच्या बेडरूमच्या खिडकीतून तिरकी भेग, मेमध्ये पुट्टीवरही केसाएवढी दिसत होती, आता मिटलीय. लॉफ्टमध्ये शिरलो तर छताला पिवळट-तपकिरी वर्तुळं, एकात एक, आणि एका ठिकाणी प्लास्टर पडून सळी उघडी. सळीवरचा गंज पापुद्र्यासारखा सुटत होता, बोटानं निघाला. बरोबर त्याच्या वर शेडचा पत्रा दोन ठिकाणी जोडलाय. गॅलरीचा स्लॅब वरून भिंतीलगत तडकलाय. संपाची रेघ मात्र सकाळी जागच्या जागी होती. किराणावाल्यानं गुडघ्याच्या खाली हात केला, रस्त्यावर, घरात नाही म्हणाला.

टिळकवाडी: लोणा आहे, दोन भिंतींना. चौकटीतल्या दोन पोकळ. वासे वर चढून बघायला मालक आता नको म्हणतो, कौलं फुटतील म्हणून. विहिरीचं पाणी लॅबला दिलंय.

मला वडगावचं जास्त सोयीचं आहे, शेजार चांगला आहे. पण ती सळी डोळ्यासमोरून जात नाही.

रिटायर_ओव्हरसियर
सळी दिसली ती एका परीनं बरं झालं. स्लॅबच्या सळीवर निदान 20 मिलिमीटर काँक्रीट पाहिजे, कॉलमला 40. आपल्याकडं सळीखाली कव्हर ब्लॉक (सळी उचलून धरणारे ठोकळे) लावायच्या ऐवजी खडी ठेवतात, ओतताना माणसं वरून चालतात, सळी जाऊन शटरिंगला टेकते. मग पाणी लागलं की गंज. गंजलेली सळी मूळच्या कित्येक पट फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते.

एका जागी असेल तर दुरुस्ती होते. प्रश्न किती जागी आहे हा. लहान हातोडीनं सगळा स्लॅब खालून ठोकून घ्या, पोकळ वाजेल तिथं खडूनं गोल करा. स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलावलात तर तो छोटं भोक पाडून ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थलीन नावाचं रसायन टाकेल. गुलाबी झालं तर आतलं काँक्रीट अजून सळीला सांभाळतंय. रंगच आला नाही आणि ते सळीच्या खोलीपर्यंत, तर तिथलं कवच संपलं. रिबाउंड हॅमर मारून "अमुक ताकद आहे" असा कागद कोणी देऊ लागला तर एकट्या त्यावर जाऊ नका, तो पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो.

गॅलरीची भेग मला जास्त खटकते. बाहेर लोंबणाऱ्या स्लॅबला मुख्य सळी वरच्या बाजूला लागते. ओतताना पायाखाली दबून ती खाली गेली की गॅलरी बिनसळीचीच समजा. भिंतीलगत वरून तडा हे त्याचंच लक्षण असू शकतं. तिथलं एकदा उघडून बघितल्याशिवाय आई-बाबांना त्या गॅलरीत कुंड्या ठेवू देऊ नका.

भेग उन्हाळ्यात उघडते, पावसात मिटते, म्हणजे काळी मातीच. घर पडत नाही याने. घराभोवती चार फूट रुंद पेव्हिंग, उतार बाहेर, गच्चीचं पाणी पाइपनं लांब, आणि भिंतीलगत मोठं झाड असेल तर त्याची पंचाईत बघणं. एवढं केलं तर बरीच थांबते.

वकिली_सोडलेला
एवढं सापडलंय तर हे लक्षात ठेवा. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55(1)(अ) प्रमाणे विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साध्या काळजीनं न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. मात्र करारात "आहे त्या स्थितीत" असं वाक्य घातलेलं असतं, आणि तुम्ही स्वतः लॉफ्टमध्ये जाऊन सळी बघून आलात. ती आता तुमच्यासाठी लपलेली राहिली नाही. म्हणून भांडायची जागा खरेदीनंतर नाही, आत्ता आहे. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्या आणि किमतीतून वळता करा, किंवा साठेखतात कोणती कामं विक्रेता स्वखर्चानं करणार ते लिहून घ्या.

कोणी रेराचं (बिल्डरांवरच्या कायद्याचं) नाव काढेल म्हणून सांगतो: पाच वर्षांची दोष-जबाबदारी कलम 14(3) मध्ये आहे, पण ती ताबा दिल्यापासून आणि प्रवर्तकावर, म्हणजे बिल्डरवर. पंधरा वर्षांचं घर घरमालकाकडून घेताना तिचा उपयोग नाही.

पेंटर_अण्णा
दुरुस्ती मालकानंच करायची असं लिहून घेऊ नका. तो परत मलाच बोलावेल.

वकिली_सोडलेला
अण्णांचं बरोबर. पैसे वळते करा.

अनगोळचा_पोरगा
इंजिनिअरचा खर्च कोण देतो पण? मालक म्हणणार भोकं पाडू नका.

रिटायर_ओव्हरसियर
घेणाराच देतो. भोकं बुजवून, रंगासकट जसं होतं तसं करून देऊ असं लिहून द्या. तरीही नाही म्हणाला तर त्या "नाही"चीही किंमत धरा.

शहापूरकर_पुण्यात
मालकाशी बोललो. स्लॅबला एक आणि गॅलरीत एक, एवढ्याला तयार झालाय, शेडचा पत्राही एका बाजूनं काढून देतो म्हणाला. @उद्यमबाग_वायरमन, पुढच्या रविवारी तुम्हाला जमेल का? इंजिनिअर सकाळी येणार आहेत, त्याच वेळी मेन बोर्ड उघडून घेतो. व्यक्तिगत निरोपात नंबर टाकलाय.

उद्यमबाग_वायरमन
येतो. मालकाला सांगून ठेवा, अर्धा तास लाइट बंद करणार. आणि अर्थिंगचा खड्डा कुठं आहे ते आधीच विचारून ठेवा, निम्मा वेळ तो शोधण्यातच जातो.